एक नाव कमी

बर्फ वितळून चार-पाच दिवस झाले की
माम खिदर खेचर घेऊन दारात उभा.
खेचरावर दोन जाळ्या, वजनकाटा, माझे रबरी बूट
आणि त्याच्या बायकोने बांधून दिलेली अक्रोडाची पोळी,
जी झऱ्यापर्यंत कधीच पोचत नाही.

हा न्यूट. पंजाएवढा. काळाकुट्ट, ओला,
आणि अंगभर पिवळे ठिपके,
हळद दळताना कुणी शिंकल्यासारखे.
उलटा केला की पोट शेंदरी,
आतून कंदील धरावा तसं.
तळहातावर तो फार वेळ हलत नाही.
मग एकदम आठवतं त्याला.

आमच्या नजमेद्दीन सरांनी तीस वर्षं
मोठ्या ठिपक्यांचे एका वहीत लिहिले,
बारीक ठिपक्यांचे दुसऱ्या.
दोन वह्या, दोन जाती.
सरहद्दीवरचा डोंगर त्यांनी पुरावा म्हणून धरला.
डोंगराने हरकत घेतली नाही.

माम खिदर तेव्हाच म्हणाला होता,
"माझ्या पाच मुलींत दोघींच्या गालावर तीळ आहेत.
मग त्या काय शेजाऱ्याच्या?"
सर हसले नाहीत. मी हसले,
आणि दिवसभर मला जाळ्या धुवाव्या लागल्या.

शेपटीच्या टोकाचे कण नळीत घालून
मी दूरच्या प्रयोगशाळेत पाठवले होते.
हिवाळ्यात उत्तर आलं:
चार अक्षरांची न संपणारी ओळ,
दोन्ही वह्यांत तीच.
मोठे ठिपके, बारीक ठिपके,
अलीकडचे, पलीकडचे,
सगळे एकाच घरचे.
नियम असा की आधी छापलेलं नाव राहतं.
नंतरचं त्याच्या पोटात जातं, तिरक्या अक्षरांत,
समानार्थी म्हणून.

पलीकडच्या गावालाही तीन नावं आहेत:
एक आज्यांचं, एक लष्कराच्या नकाशावरचं,
एक नव्या पाटीवरचं.
खेचर तिन्ही वाटांनी तिथेच पोचतं.

कार्यालयातल्या बाईंनी दोन याद्यांची बेरीज केली.
"अभिनंदन," म्हणाल्या, "संख्या वाढली."
लाल शिक्क्याच्या जागी नारिंगी मारला.
झऱ्यात त्या दिवशी एकही अंडं जास्त पडलं नव्हतं.
उलट खालच्या डाळिंबाच्या बागेसाठी
कुणी काळा पाइप टाकला होता झऱ्याच्या तोंडाशी.
बाग खिदरच्या भाच्याची.
त्याला काय बोलणार?
डाळिंबं मीही खाते.

यंदा आम्ही तीन रात्री बसलो.
टॉर्चची बॅटरी संपली, मग खिदरने काड्या ओढल्या.
अकरा.

सनंदजला सरांच्या घरी गेले तेव्हा
त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला.
चहा आला. साखरेचा खडा दातांत धरून
त्यांनी सगळं ऐकून घेतलं.
खडा विरघळेपर्यंत बोलले नाहीत.
"म्हणजे तीस वर्षं
मी एकाच घरी दोन दारांनी जात होतो."
मला काही सुचेना.
मग त्यांनी विचारलं, "यंदा किती?"
"अकरा."
"दोन्ही मिळून?"
"दोन्ही आता कुठे आहेत, सर."

बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं.
सरांनी हात पुढे केला, तळवा वर.
"सातवी कशी होती, सांग."
मी बोटाने ठिपके टेकवत गेले:
मानेवर दोन, जोडलेले.
डाव्या डोळ्यामागे एक, त्याला शेपूट फुटल्यासारखं.
मग बरीच मोकळी काळी जागा.
मग पाठीच्या मध्यावर, थोडा उजवीकडे—

त्यांनी मूठ मिटली, माझ्या बोटासकट.
"ही?
ही आहे अजून?"